एर्मेलिंदाच्या हातचा कारापुल्क्रा

शनिवारी सकाळी साडेआठला चिंचा नावाच्या खोऱ्यातले निम्मे रेडिओ एकाच माणसाच्या आवाजात बोलत. तो माणूस म्हणजे फाउस्तिनो पेवेस. उद्या रविवारचा कारापुल्क्रा कुठे खायचा, एवढंच तो सांगे. पंधरा मिनिटांचं काम. पण त्या पंधरा मिनिटांत कापसाच्या गोदामातला हमाल हातातली गोणी खाली ठेवी आणि नाक्यावरचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे थांबत. लोक ऐकत, कारण बावीस वर्षांत या माणसाने कुठे फुकटचं ताट घेतलं नव्हतं. सख्ख्या मेव्हण्याच्या खानावळीबद्दल त्याने एकदा सांगितलं होतं, की तिथला बटाटा लापशी झालाय, खायचाच असेल तर दात घरी ठेवून जा. मेव्हणा दोन वर्षं बोलत नव्हता.

तसा पदार्थ साधाच. बटाट्याचे बारीक तुकडे, डुकराचं मांस, पांका मिरचीचं लाल वाटण, लवंग, दालचिनी, आणि चुलीवर तासन्‌तास ढवळणं. त्याच ताटात शेजारी सब्जाच्या पाल्यात शिजवलेल्या शेवया. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो, मयतानंतरचं जेवण असो, हे ताट आलं नाही तर पाहुणे जेवलोच नाही म्हणतात. पण साध्या पदार्थातच लबाडी करायला जागा जास्त, आणि ती फाउस्तिनोला एका घासात कळे. बटाटा तळहातावर चिरलाय की फळीवर, वाटण आजचं आहे की परवाचं, चुलीत द्राक्षाच्या काटक्या घातल्यात की मिळेल ते लाकूड, सगळं. लोक यात थोडा मीठमसाला लावत, पण बरंचसं खरं होतं.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये त्याला ताप आला. आठ दिवस अंथरुणात होता. नवव्या दिवशी बायकोने, ओब्दुलियाने, कोंबडीचं सूप करून समोर ठेवलं. ते गरम होतं, खारट होतं. बाकी काही नव्हतं. त्याला वाटलं, दुखण्याचं तोंड आहे, येईल चव चार दिवसांत. पंधरा दिवस गेले, महिना गेला. कॉफी म्हणजे नुसतं कडू पाणी. तो परसात जाऊन सब्जाचा पाला मुठीत चुरडे आणि नाकाशी धरे. हात ओला लागे, एवढंच.

शेवटी गुडघा दाखवायला जातो असं सांगून तो इका शहरात गेला. डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिली आणि म्हणाले, वास गेलाय, त्याच्याबरोबर चवही गेली. येईल कदाचित परत. कदाचित नाही. फाउस्तिनोने चिठ्ठीची घडी करून खिशात घातली, आणि घरी आल्यावर ओब्दुलियाला सांगितलं, की गुडघ्याला तेल लावायला सांगितलंय. ती बिचारी महिनाभर रोज रात्री त्याच्या धडधाकट गुडघ्याला तेल चोळत होती.

सांगून टाकायला काय हरकत होती, असं आपल्याला वाटतं. त्यालाही वाटे. पण रेडिओवर येण्याआधी तो जिनिंग कारखान्यात कापूस तोलणारा एक अबोल माणूस होता. कुणी त्याचं नाव विचारत नसे. या जिभेने त्याला 'दोन फाउस्तिनो' केलं होतं; नावाआधीचं हे 'दोन' म्हणजे आकडा नव्हे, आमच्याकडचं 'राव', 'साहेब'. ती गेली हे सांगायचं म्हणजे परत काट्यासमोर जाऊन उभं राहायचं. एकसष्टाव्या वर्षी.

मग तो डोळ्यांनी जेवायला शिकला. रंग बघे. चमचा किती जड उचलला जातो ते बघे. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा चेहरा पहिल्या घासाला कसा होतो ते चोरून बघे. आणि शनिवारी जुनीच वाक्यं नव्या नावांना लावी. कुणाला काही कळलं नाही. पहिले काही आठवडे त्याला याचा मोठा दिलासा वाटला. नंतर मात्र एका शनिवारी स्टुडिओचा जिना उतरताना त्याच्या मनात आलं, की मग बावीस वर्षं लोक ऐकत तरी काय होते? तो तिथेच पायरीवर थांबला. उत्तर काही चांगलं निघणार नाही हे कळल्यावर पुढे चालू लागला.

मात्र एक गोष्ट त्याच्याकडून होईना. नावं ठेवणं. खात्री नसताना कुणाच्या पोटावर पाय कसा द्यायचा? म्हणून तो सगळ्यांचं कौतुक करत सुटला. एप्रिल लागता लागता रेडिओ केंद्राचा मालक निकानोर त्याला म्हणाला,

"हल्ली तुला सगळंच गोड लागतंय, फाउस्तिनो. गेल्या शनिवारी तू त्या हायवेवरच्या पत्र्याच्या टपरीचंसुद्धा गुणगान केलंस. मी जाऊन खाल्लं तिथे. दोन दिवस अंथरुणात होतो."

"तुझं पोटच नाजूक."

"माझं पोट नाजूक असेल, पण लोक बोलायला लागलेत. म्हणतात, म्हातारा विकला गेला."

निकानोर हसत हसत म्हणाला होता, पण फाउस्तिनोच्या वर्मी लागलं. विकला गेला! दुसरं काहीही म्हणाले असते तर त्याने ऐकून घेतलं असतं.

त्याच रविवारी तो ला पाल्मिताला एर्मेलिंदा कोबोसकडे गेला.

एर्मेलिंदा तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची. ला पाल्मिता म्हणजे पंचवीस-तीस घरं, त्यातल्या एका घराच्या अंगणात वेलीच्या मांडवाखाली तिची सहा टेबलं. फक्त रविवारी चूल पेटे. ती शुक्रवारपासून बटाटे चिरायला बसे, तळहातावर, दगडावर घासून घासून अर्धी झालेल्या सुरीने. खोऱ्यातले सगळे काळे-सावळे लोक, जुन्या आफ्रिकी गुलामांचे वंशज, तिला मावशी म्हणत, आणि दरवर्षी जुलैमध्ये कार्मेनच्या माउलीच्या उत्सवाला चर्चच्या आवारात जो मोठा हंडा चढे तो चाळीस वर्षं तिच्याच हातचा. फाउस्तिनोच्या यादीत पहिलं नाव तिचं, आणि ते बदलेल असं कुणाला स्वप्नातसुद्धा वाटलं नसतं.

तिने ताट आणून ठेवलं, "बायको कशी आहे?" विचारलं, आणि चुलीकडे वळली. फाउस्तिनोने ताटाकडे पाहिलं. रंग नेहमीपेक्षा फिका होता. विटकरी असायचा तो नारिंगीकडे झुकलेला. बटाट्याचे तुकडे किंचित जाड होते. शेजारच्या टेबलावर एक नवरा-बायको आणि एक तरणी मुलगी बसली होती. तिघांनी दोन-दोन घास खाल्ले, ताटं पुढे सरकवली आणि मान खाली घालून गप्प बसून राहिले. त्याने स्वतःचा घास तोंडात घातला. गरम. खारट. तिखट.

एवढ्यावर त्याने निवाडा केला.

शनिवारी तो माईकसमोर बसला तेव्हा आवाज त्याला स्वतःलाच भरदार वाटला. तो म्हणाला, "हात थकतात, मित्रांनो. बैल थकतो, विहीर थकते, तसा हातही थकतो. एर्मेलिंदा मावशीने आपल्या तीन पिढ्यांना खाऊ घातलं. पण गेल्या रविवारी तिच्या ताटात मला मावशी सापडली नाही. ज्याचं तिच्यावर प्रेम आहे त्याने तिला आता सांगावं, की मावशी, सुरी खाली ठेव, सावलीत बस."

वाक्यं त्याने आदल्या दिवशी परसात फिरत घोळवून तयार केली होती. केंद्रावर फोन आले. एक बाई रडत होती. निकानोरने पाठीवर थाप मारली, म्हणाला, जुना फाउस्तिनो परत आला. आणि खरं सांगायचं तर घरी जाताना फाउस्तिनो खुशीत होता. पुढे कितीतरी महिने त्याला सगळ्यात जास्त टोचत राहिली ती ही खुशी.

ओब्दुलिया इस्त्री करत होती. रेडिओ तिनेही ऐकला होता. तिने विचारलं, "इतका बिघडला होता?"

"मग मी काय खोटं बोलतो?"

ती कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिली.

पुढच्या रविवारी एर्मेलिंदाकडे दोन टेबलं भरली. त्याच्या पुढच्या रविवारी एकही नाही. हे फाउस्तिनोला उडत उडत कळलं. त्याला वाटलं होतं की ती चिडेल, दारात येऊन चार शिव्या देईल. तिच्या तरुणपणी तिचं तोंड प्रसिद्ध होतं. शिव्या तो निमूट ऐकून घेणार होता. तेवढ्याने फिटलं असतं.

मेच्या मध्याला ती आली. धुक्याची सकाळ होती. हातात फडक्यात बांधलेली लहान हंडी, डोक्याला काळी शाल. ओब्दुलियाने तिला खुर्ची दिली. ती टोकावर बसली आणि शाळेतल्या मुलीने बाईंना विचारावं तशी म्हणाली,

"फाउस्तिनो, तू म्हणालास त्यात काही वावगं नाही. माणूस म्हातारं होतं. पण मी चाखते तर मला सगळं बरोबर लागतं बघ. म्हणजे हात नाही, माझी जीभच गेली असणार. आपली जीभ गेलेली आपल्याला कशी कळणार? म्हणून घेऊन आले. तू चाख, आणि काय कमी-जास्त आहे ते सांग. तू सांगशील तसं करीन."

ती भांडायला आली नव्हती. तिने त्याच्यावर विश्वास ठेवला होता. साठ वर्षं चुलीपाशी काढलेल्या बाईने स्वतःच्या जिभेपेक्षा त्याची जीभ खरी मानली होती.

फाउस्तिनोने त्या क्षणी सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती, आणि हे त्यालाही कळत होतं. पण ओब्दुलिया समोर उभी होती. नऊ महिने तिने त्याच्यासाठी रांधलं होतं आणि नऊ महिने तो "छान झालंय" म्हणत होता. त्याने चमचा उचलला, घास तोंडात घोळवला, डोळे मिटले, आणि म्हणाला,

"लवंग जास्त होतेय, मावशी."

"लवंग," ती म्हणाली. तिला लिहिता येत नसे. तिने ओठांतल्या ओठांत तीनदा घोकलं, हंडी ठेवली आणि गेली.

संध्याकाळी ओब्दुलियाने उरलेला कारापुल्क्रा गरम करून खाल्ला आणि म्हणाली, की मला तर लवंग कुठे लागली नाही, फार दिवसांत इतकं छान खाल्लं नव्हतं. फाउस्तिनो म्हणाला, "तुला नाही कळायचं त्यातलं."

आठ दिवसांनी एर्मेलिंदा परत आली. लवंग काढूनच टाकली होती. फाउस्तिनोने डोळे मिटले आणि सांगितलं, की मिरची जळकी लागते, वाटण परतू नकोस इतकं. त्याच्या पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, चरबी कमी कर आणि दालचिनी वाढव. काहीतरी सांगायलाच हवं होतं, आणि आधी सांगितलेलं परत सांगून चालणार नव्हतं. प्रत्येक वेळी ती मान डोलवी, घोकत घोकत फाटकाबाहेर पडे. एकदा तो खिडकीतून बघत राहिला. बसथांब्यापर्यंत तिचे ओठ हलत होते.

जूनच्या शेवटी ती चौथी हंडी घेऊन आली तेव्हा थकलेली दिसली. म्हणाली, की उत्सवाच्या मंडळींना मी कळवलंय, यंदा हंडा दुसऱ्या कुणाला तरी द्या. माउलीपुढे बेचव ठेवायची माझी हिंमत नाही.

फाउस्तिनोला ते सहन झालं नाही. हे सगळं एकदाचं मिटावं म्हणून त्याने घास घेतला आणि सांगितलं, "आता जमलं, मावशी. आता अगदी बरोबर आहे. शनिवारी मी रेडिओवर सांगतो."

म्हातारीने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. तिची बोटं सांध्यांपाशी सुजलेली होती. ती नुसता हात धरून राहिली. ती गेल्यावर तो हात कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

ओब्दुलियाने हंडीतला एक चमचा तोंडात घातला आणि ती थांबली. मोठ्या कष्टाने तिने तो घास गिळला, पाणी प्यायली.

"तिनो, हे तू सांगितल्याप्रमाणे केलंय तिने?"

"हो."

"आणि हे तुला चांगलं लागलं?"

तो हंडीचं फडकं गुंडाळायला लागला.

"कच्च्या मिरचीत दालचिनी ओतल्यासारखं लागतंय. कुत्रं तोंड लावणार नाही." ती खुर्ची ओढून त्याच्या समोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला चव लागत नाही का रे?"

तो ताडकन उठला. हे काय वेड्यासारखं, असं काहीबाही ओरडला, टोपी घेतली आणि बाहेर गेला. तासाभराने परत आला तेव्हा तिने एवढंच सांगितलं, की शनिवारी त्या म्हातारीबद्दल बोलू नकोस.

शनिवारी तो बोलला. न बोलणं म्हणजे कबूल करणं होतं. शिवाय त्याने मनाची समजूत घातली होती, की कौतुकाने कुणाचं वाईट होत नाही. तो म्हणाला, मित्रांनो, मावशी परत आली. उद्या ला पाल्मिताला जा आणि माझी आठवण काढा.

लोक गेले. नुसते गेले नाहीत, लोटले. चुकीची भरपाई करायला गेले, आपण म्हातारीला वाऱ्यावर सोडलं म्हणून. सहाची पंधरा टेबलं झाली. शेजाऱ्यांनी घरातल्या खुर्च्या आणून दिल्या. एर्मेलिंदाने ठेवणीतला पांढरा झगा घातला होता. फाउस्तिनो आणि ओब्दुलिया मांडवाच्या कडेला बसले. ओब्दुलियाला यायचं नव्हतं. पण ती म्हणाली, तू एकटा गेलास तर तिथूनही काहीतरी सांगून पळून येशील.

ताटं वाटली गेली. अंगणात आधी गलका होता, तो हळूहळू उतरला. फाउस्तिनो शेजारच्या टेबलांवरचे चेहरे वाचत होता. आता तेवढी एकच विद्या त्याच्याकडे उरली होती. एकाने घास तोंडात धरून ठेवला. एका बाईने मुलाच्या ताटातला कारापुल्क्रा बाजूला सारून नुसत्या शेवया भरवायला घेतल्या. कुणी वाईट बोललं नाही. लोक भले होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं, शेवया खाल्ल्या, पाणी प्यायले, घड्याळं बघितली. ताटं परत जायला लागली, जशी आली तशी भरलेली.

एर्मेलिंदा चुलीपाशी उभी राहून ती ताटं बघत होती. एका ताटातला घास तिने बोटांनी उचलून तोंडात घातला. मग कुणीही न विचारता समोरच्या माणसांना म्हणाली, "दोन फाउस्तिनोंनी चाखलंय. ते म्हणाले, बरोबर आहे. मला आता कळत नाही."

सगळ्यांनी वळून फाउस्तिनोकडे पाहिलं. त्याच्यासमोरचं ताट साफ होतं. सवयीने त्याने सगळं संपवून पावाच्या तुकड्याने पुसूनसुद्धा काढलं होतं. त्या अख्ख्या अंगणात रिकामं ताट ते एकच.

कुणीतरी हसलं. ट्रक ड्रायव्हर असावा. "अहो दोन फाउस्तिनो, तुमची जीभ बरी आहे ना?"

त्याने थट्टाच केली होती. पण फाउस्तिनोच्या कानशिलांतून जाळ निघाला. जमीन दुभंगावी आणि आपण आत जावं, असं माणसाला वाटतं म्हणतात; त्याला तेही वाटलं नाही, इतका तो जागच्या जागी खिळला. ओब्दुलिया त्याच्याकडे बघतही नव्हती. ती टेबलावरचे तुकडे गोळा करत होती. शेवटी तो उठला, आणि अंगण ओलांडून चुलीपाशी गेला.

"मावशी, मला चव लागत नाही."

"काय?"

"मागच्या ऑगस्टपासून. तापात गेली. वास नाही, चव नाही, काही नाही."

एर्मेलिंदा त्याच्याकडे बघत राहिली. हातातला लाकडी डाव तिने हंड्यावर आडवा ठेवला.

"मग एप्रिलमध्ये तू काय खाल्लंस?"

"काही नाही. नुसतं बघितलं. रंग फिका वाटला. आणि शेजारच्या टेबलावरची माणसं ताटं सारून बसली होती."

"त्या माणसाचा बाप मरणाला टेकला होता हॉस्पिटलात," ती म्हणाली. "तिथूनच येत होती. दोन दिवस पोटात काही नव्हतं म्हणून मीच बळेबळे बसवलं होतं त्यांना. आणि मिरची नवीन होती यंदाची. नवी मिरची फिकीच असते. हे तुला माहीत नाही?"

त्याला माहीत होतं. रेडिओवर त्यानेच कितीदा सांगितलं होतं.

"आणि लवंग? दालचिनी?"

"मनाने सांगितलं."

मागे लोक ऐकत होते. कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नाही. म्हातारी आता ओरडेल असं फाउस्तिनोला वाटलं, आणि ती ओरडावी अशी त्याची फार इच्छा होती. ती ओरडली नाही. तिचा आवाज उलट खाली गेला.

"तुझी जीभ गेली म्हणून तू माझी काढून घेतलीस, फाउस्तिनो. मी रोज सकाळी उठून मीठ चाखून बघत होते. मीठ खारट लागतं का, साखर गोड लागते का. वेड लागायची पाळी आली होती मला." मग ती म्हणाली, "मला येऊन सांगितलं असतंस तर मी तुला प्रत्येक घास सांगितला असता रे, कसा लागतो ते. त्यात काय होतं एवढं?"

 माफ कर, एवढं तो म्हणाला. तिने डाव उचलला आणि म्हणाली, "जा आता. मला हंडा ओतायचाय."

तिने आणि शेजारणीने मिळून तो हंडा परसात डुकरांना ओतला.

पुढचा शनिवार त्याने घरात बसून काढला असता तरी कुणी काही म्हटलं नसतं. बातमी रविवारी संध्याकाळपर्यंतच खोरंभर झाली होती. निकानोरही म्हणाला, की आपण गाणी लावू, तू आजारी आहेस सांगू. पण फाउस्तिनो गेला. कागदावर काही लिहिलं नव्हतं. तो म्हणाला, की अकरा महिने मी तुम्हाला जे सांगितलं ते न चाखता सांगितलं. ज्यांचं कौतुक केलं त्यांनी ते माझं समजू नये. आणि एर्मेलिंदा कोबोसच्या कारापुल्क्रात काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते मी. एवढं बोलायला त्याला तीन मिनिटं लागली. उरलेल्या बारा मिनिटांत निकानोरने जुनं वॉल्ट्झ लावलं.

हसणारे हसले. नाक्यावरचे ड्रायव्हर त्याला बघून रिकाम्या हाताने घास खाल्ल्याचं सोंग करत. ज्या खानावळींनी त्याचं वाक्य पाटीवर रंगवून घेतलं होतं त्या त्याच्यावर खवळल्या; मेव्हण्याने मात्र मुद्दाम घरी येऊन विचारलं, की माझ्या वेळी तरी जीभ होती का? कार्यक्रम बंद झाला. घरात ओब्दुलिया त्याच्याशी बोले, पण ताट वाढल्यावर कसं झालंय हे तिने पुन्हा कधी विचारलं नाही. आणि दुखरा म्हणून तेल लावून घेतलेल्या त्या गुडघ्याचा विषय तर दोघांनीही काढला नाही. तो तिला सगळ्यात जास्त लागला होता, हे फाउस्तिनोला तिच्या न बोलण्यावरून कळे.

उत्सवाच्या मंडळींनी ला पाल्मिताला जाऊन एर्मेलिंदाची मनधरणी केली. दोनदा ती नाही म्हणाली. तिसऱ्यांदा तयार झाली.

सोळा जुलैला चर्चच्या आवारात पहाटेच हंडा चढला. फाउस्तिनो सकाळी गेला तो बटाटे चिरायला. तेवढं तरी हातून होईल म्हणून. बायकांनी त्याला फळीच्या टोकाला जागा दिली, फारसं कुणी बोललं नाही. तळहातावर चिरायचा त्याला सराव नव्हता, दोनदा बोट कापलं. एर्मेलिंदाने त्याला पाहिलं. हाकललं नाही, हाकही मारली नाही. त्याने चिरलेले तुकडे तिने इतरांच्या तुकड्यांत मिसळून हंड्यात टाकले. त्यातले जाड तुकडे बाजूला काढलेले त्याने पाहिले.

दुपारी मिरवणूक परत फिरली, काहोन, म्हणजे वर बसून वाजवायच्या लाकडी पेट्या, वाजायला लागले, पोरांनी पायांतली घुंगरं आपटत नाच धरला. वाढायची वेळ झाली. चेहऱ्यांवरून फाउस्तिनोला कळत होतं की वास सगळ्या आवारात पसरला असावा. माणसं हातातली कामं टाकून रांगेकडे वळत होती. एर्मेलिंदाने डावाने थोडा कारापुल्क्रा काढला, फुंकर घालून चाखला, आणि क्षणभर तशीच उभी राहिली. मग तिने शेजारणीला जवळ बोलावलं, डाव तिच्या ओठांशी धरला.

"बघ गं," ती हळूच म्हणाली. "बरोबर आहे ना?"

"अगं बाई, अमृत आहे."

"नक्की? परत बघ."

शेजारणीने परत चाखलं. मग अजून एका बाईला बोलावलं गेलं. तीही म्हणाली, छान आहे. तेव्हा कुठे एर्मेलिंदाने पहिलं ताट भरलं.

चाळीस वर्षं तिने त्या आवारात हंडा चढवला होता, आणि कुणालाही कधी चाखायला बोलावलं नव्हतं. हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. रांगेतली माणसं इकडेतिकडे बघू लागली. फाउस्तिनो फळीच्या टोकाला बोटाला चिंधी गुंडाळून उभा होता. त्याच्या हातात कुणीतरी ताट आणून दिलं. ते गरम होतं. त्याने उभ्या उभ्याच, मान वर न करता, ते सगळं खाल्लं.